गार्गीचा दुसरा प्रश्न

आमच्या आजीचा स्थळे पाहण्याचा एक शिरस्ता होता. नातीसाठी स्थळ आले म्हणजे घरच्या पुरुषांबरोबर तीही त्या घरी जाई. पण मुलाकडे तिचे फारसे लक्ष नसे. मुलाचा पगार, पत्रिका, घराचे खण या गोष्टी पुरुषांनी विचाराव्यात. ती पाणी पिण्याचे निमित्त करून सरळ स्वयंपाकघरात शिरे आणि त्या घरातली थोरली सून हुडकून काढी. तिच्याशी दोन वाक्ये बोलली, ती उत्तर देण्याआधी सासूच्या तोंडाकडे पाहते की काय ते न्याहाळले, की आजीचा निकाल तयार. परतीच्या वाटेवर टांग्यात ती म्हणे, "मुलगा काय, आज दाखवायला बसलाय. सून तिथं रोज नांदतेय."

यंदाच्या मार्च महिन्यात मला या आजीची फार आठवण झाली. प्रसंग मात्र लग्नाचा नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करण्यासाठी अमेरिकेला जायला निघाली होती आणि तिला दोन विद्यापीठांची बोलावणी आली होती. तिकडची रीत अशी की डिसेंबर-जानेवारीत अर्ज करायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये होकार-नकार कळतात आणि बहुतेक विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावे लागते. फी माफ असते, निर्वाहापुरते वेतन मिळते, त्याबदल्यात खालच्या वर्गांना शिकवावे लागते. हे सारे पाच-सहा वर्षे चालते. पुष्कळदा त्याहूनही जास्त. म्हणजे विशीतली चांगली वर्षे जिथे घालवायची ते घर निवडायचे, आणि त्यासाठी हाती उणापुरा दीड महिना.

एका विद्यापीठाचे नाव असे, की ते घेताच चार माणसे खुर्चीत सावरून बसतात. दुसरे तितके गाजलेले नाही. पण तिथून आलेली पत्रे इतकी अगत्याची, की वाचताना मलाच शिकायला जावेसे वाटावे. आमच्या घरात लौकरच पहिल्याला 'मोठे घर' आणि दुसऱ्याला 'गोड घर' अशी नावे पडली. मुलीच्या वडिलांचा कौल अर्थातच मोठ्या घराला. बहिणीचे म्हणणे, जिथे थंडी कमी असेल तिथे पाठवू. मुलगी माझ्याकडे आली, कारण मी एकतीस वर्षे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले. ती म्हणाली, "मावशी, विषय चांगला शिकवतात का, ते मी पुस्तकं वाचून ठरवीन. पण मला तिथं नीट वागवतील का, हे कसं ओळखायचं?"

तत्त्वज्ञानाच्या विभागात बाईमाणसाला कोणी वाईट कशाला वागवील, असे पुष्कळांना वाटेल. हा विषय म्हणजे शांतपणे सत्याचा विचार करणाऱ्या सज्जनांचा, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेत दरवर्षी तत्त्वज्ञानात पीएच.डी. होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण शंभरांत पंचवीस-तीसच्या आसपास घोटाळते. साहित्य, मानसशास्त्र किंवा जीवशास्त्र यांच्याशी तुलना केली तर ही गोष्ट चमत्कारिक वाटते. पदार्थविज्ञानाला अवजड यंत्रे तरी लागतात. तत्त्वज्ञानाला एक खुर्ची पुरते. मग बायका जातात कुठे?

२०१५ साली सारा-जेन लेस्ली, आन्द्रे सिंपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या तीस विषयांतील अठराशेहून अधिक अभ्यासकांना त्यांनी विचारले, की तुमच्या विषयात चमकायला काय लागते: मेहनत की उपजत प्रतिभा? ज्या विषयातली माणसे प्रतिभेवर भर देतात, त्या विषयात स्त्रिया कमी, असे त्यांना आढळले. आणि प्रतिभेवर सर्वांत जास्त भर देणारा विषय निघाला तो तत्त्वज्ञान!

मी हे वाचले तेव्हा हसू आले, आणि मग ते मावळले. एकतीस वर्षांत मी जी शिफारसपत्रे लिहिली ती मला आठवली. मुलासाठी लिहिताना 'अत्यंत बुद्धिमान' आणि मुलीसाठी 'अत्यंत कष्टाळू' हे शब्द माझ्या लेखणीतून आपोआप उतरत. दोघांचे गुण सारखे असले तरीही. मी स्वतः बाई असूनही! शिक्षकाच्या डोक्यात अशी एक ठिणगी नावाची वस्तू बसली, की वर्गातला प्रत्येक प्रश्न ही विचारणाऱ्याची परीक्षा होते. प्रश्न बरोबर की चूक हे बाजूला राहते आणि 'हिच्यात आहे का ती चमक?' याचाच हिशेब सगळे करू लागतात. असा हिशेब आपल्या नावावर मांडला जातो आहे हे कळले, की माणूस जपून बोलतो. आणि तत्त्वज्ञानात जपून बोलणे म्हणजे न बोलणेच.

माझ्या सल्ल्याला फार किंमत द्यावी अशी माझी योग्यता नाही, हे मी भाचीला त्याच दिवशी सांगून टाकले. त्याचे कारण सांगते.

१९९४ साली माझी एक विद्यार्थिनी एम.ए.ला पहिल्या वर्गात आली. पुढे संशोधन करायचे तिच्या मनात होते. दोन मार्गदर्शकांची नावे तिच्यापुढे होती. त्यांतले एक नामांकित विद्वान, पण विद्यार्थ्यांशी तुसडे, अशी त्यांची ख्याती. मुलींशी तर जास्तच. ती मला विचारायला आली. मी म्हटले, "विद्वान आहेत ना? मग बाकीचं सोसायचं. विद्या फुकट मिळत नाही." तिने सोसले. आपल्याकडे तेव्हा मार्गदर्शकाच्या नावावर नोंदणी झाली की तोच मायबाप. दोन प्रकरणे त्यांच्या टेबलावर दीड वर्ष पडून राहिली. भेटीला गेले की, "लग्नाचं काय ठरलं?" एवढीच विचारपूस. मार्गदर्शक बदलून मागावा, तर त्यांची संमती हवी. आणि दुसरे कोणी त्यांना दुखवून तिला घ्यायला तयार नव्हते. चार वर्षांनी तिने नोंदणी रद्द केली आणि बँकेत नोकरी धरली. ती तिथे मोठ्या हुद्द्यावर पोचली, तिचे चांगले चालले आहे. ती मला कधी बोलली नाही. दर दिवाळीला तिच्याकडून फराळाचा डबा येतो, आणि दर दिवाळीला तो उघडताना माझा हात क्षणभर थांबतो.

माझी चूक कुठे झाली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फार दिवस मला वाटे, की मी तिला प्रेमळ माणसाकडे पाठवायला हवे होते. आता तसे वाटत नाही. प्रेमळ माणूसही आजारी पडतो, बदलून जातो, निवृत्त होतो, किंवा नुसताच प्रेमळ राहतो आणि काही वाचत नाही. माझी चूक निराळी होती, आणि ती मला उमगली बृहदारण्यक उपनिषद वर्गात पुन्हा एकदा शिकवताना.

जनकाच्या सभेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते, पण बहुधा अर्धीच. हजार गाई, त्यांच्या शिंगांना बांधलेले सोने, आणि जो सर्वांत मोठा ब्रह्मवेत्ता त्याने त्या न्याव्यात अशी राजाची घोषणा. याज्ञवल्क्य शिष्याला सांगतो, गाई हाक. मग एकेक पंडित उठून त्याला अडवतो. त्यांत गार्गी उठते. हे सगळे पाण्यात ओवलेले, तर पाणी कशात ओवलेले? ते वाऱ्यात, तर वारा कशात? अशी ती पायरीपायरीने वर चढत जाते. शेवटी याज्ञवल्क्य म्हणतो, की गार्गी, फार विचारू नकोस, नाही तर तुझे मस्तक गळून पडेल. गार्गी गप्प बसते.

लोक इथेच थांबतात. कोणी म्हणतात, पाहा, त्या काळीही बाईला गप्प बसवले. कोणी म्हणतात, मर्यादेबाहेरचा प्रश्न होता, तर्काने त्याचे उत्तर मिळत नाही. दोन्ही पक्षांत तथ्य असेल. मला महत्त्वाचे वाटते ते पुढले. मध्ये उद्दालक आरुणी प्रश्न विचारून जातो, आणि मग गार्गी दुसऱ्यांदा उठते. ती सभेला विचारते, की मी याला आणखी दोन प्रश्न विचारते, चालेल ना? सभा म्हणते, विचार. मग ती याज्ञवल्क्याला सांगते, की काशीचा किंवा विदेहाचा वीर धनुष्याला दोर चढवून हातात दोन बाण घेऊन उभा राहावा, तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. आणि या खेपेला याज्ञवल्क्य तिला मस्तकाचे भय घालत नाही. अक्षरतत्त्वाचे जे विवेचन आपण त्या उपनिषदाचा मुकुटमणी मानतो, ते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुढे हा मनुष्य जिंकण्यासारखा नाही, असा निवाडा सभेला सांगते तीही गार्गीच.

याज्ञवल्क्य काही मवाळ नव्हता. ती सभाही गोड नव्हती. त्याच सभेत शाकल्याचे मस्तक खरोखरीच पडल्याचे उपनिषद सांगते. पण तिथे एकदा गप्प बसवलेल्या बाईला दुसऱ्यांदा उभे राहता येत होते, आणि त्यासाठी तिला याज्ञवल्क्याची परवानगी काढावी लागली नाही. तिने ती सभेकडून घेतली. माझ्या विद्यार्थिनीला सभाच नव्हती. एकच याज्ञवल्क्य होता, आणि त्याने एकदा नको म्हटले की संपले. मी तिला विद्वान शोधून दिला. सभा आहे की नाही ते पाहिले नाही.

ही गोष्ट लक्षात आल्यावर जुन्या विदुषींची चरित्रे मला निराळी दिसू लागली. मेरी व्हिटन कॅल्किन्स ही वेल्स्ली कॉलेजात ग्रीक शिकवणारी बाई १८९० साली हार्वर्डला विल्यम जेम्सच्या वर्गात बसू लागली. पाहुणी म्हणून, विद्यार्थिनी म्हणून नव्हे. तो वर्ग सुरू झाला तेव्हा बाकीचे विद्यार्थी गळाले आणि वाचनालयात शेकोटीच्या एका बाजूला जेम्स आणि दुसऱ्या बाजूला ही, असा अभ्यास चालला. याहून चांगला गुरू कोणाला मिळणार? १८९५ साली तिने डॉक्टरेटची परीक्षा दिली, परीक्षक थक्क झाले, जेम्सने तोंड भरून स्तुती केली. आणि विद्यापीठाने पदवी नाकारली, कारण ती स्त्री. १९०२ साली तिला सांगण्यात आले, की रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजाची पदवी घे. ती म्हणाली, मी तिथे शिकलेच नाही, तिथली पदवी कशी घेऊ? पुढे अमेरिकन मानसशास्त्र परिषदेची ती १९०५ साली आणि तत्त्वज्ञान परिषदेची १९१८ साली अध्यक्ष झाली. पदवी शेवटपर्यंत मिळाली नाही. तिच्या आधी क्रिस्टीन लॅडने जॉन्स हॉपकिन्सला चार्ल्स पर्सच्या हाताखाली तर्कशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. काम पुरे झाले १८८२ साली. पदवी हातात पडली १९२६ साली. बाई तोवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. दोघींचेही गुरू थोर आणि सहृदय होते. नुसत्या गुरूच्या सहृदयतेवर विसंबू नये, एवढे या दोघींकडून मी शिकले.

हाना आरेन्टचे उलट झाले. १९२४ साली अठरा वर्षांची ही मुलगी मारबुर्गला हायडेगरकडे शिकायला गेली. तो पस्तिशीचा, विवाहित, आणि त्या काळच्या जर्मन तरुणांना वेड लावणारा अध्यापक. दोघांचे प्रेमसंबंध जडले. त्यांची रसभरित वर्णने पुष्कळांनी केली आहेत, त्यांत मला पडायचे नाही. ती मारबुर्ग सोडून हायडेलबर्गला कार्ल यास्पर्सकडे गेली, आणि तिथे १९२८ साली संत ऑगस्टीनच्या प्रेमकल्पनेवरचा प्रबंध पुरा केला. यास्पर्स १९६९ साली वारला, तोवर ते गुरुशिष्याचे नाते पत्रांतून टिकले. जर्मन विद्यापीठांत विद्यार्थ्याने एका गावाहून दुसऱ्या गावी, एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाण्याची जुनी वहिवाट होती. ती नसती तर ही मुलगी कुठे गेली असती?

आपल्या इरावतीबाई कर्वे १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊनच पदवीधर झाल्या. पुढे मुंबईला घुर्यांकडे समाजशास्त्र करून १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द अण्णासाहेब कर्व्यांचा, या जाण्याला विरोध होता. यजमान मात्र पाठीशी उभे. तिथे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. कवटीच्या ठेवणीचा संबंध वंशाशी जुळतो अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी आढळले नाही असेच लिहिले. पदवी मिळाली. त्या गुरूविषयी आज कोणी आदराने बोलणार नाही. पण मोजमाप हाच तिथला दंडक होता, आणि मोजमाप हातात घेऊन गुरूविरुद्ध उभे राहता आले. तत्त्वज्ञानात असले मोजमाप नसते. म्हणून तिथे सभेचे नियम आणखीच चोख हवेत.

भाचीला मी हे सारे सांगितले. ती म्हणाली, "मावशी, गोष्टी छान आहेत. पण दोन्ही घरांत सभा आहे की नाही, ते मला इथं बसून कोण सांगणार?"

गंमत अशी, की तिचा संशोधनाचा विषय नेमका हाच आहे: शब्दप्रमाण. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा? आपल्या नैयायिकांनी शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि आप्ताचा शब्द तो प्रमाण असे म्हटले. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाच्या मते ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. इकडे इंग्लंडच्या मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली: सांगणारा खरा असूनही केवळ तो कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाला कमी भाव देणे हा एक अन्यायच आहे. भाचीला या दोन परंपरांची गाठ घालायची आहे. मी म्हटले, चल, प्रबंधाचे पहिले प्रकरण घरबसल्या सुरू झाले म्हणायचे.

तर या बाबतीत आप्त कोण? विभागप्रमुख जाणतो, पण त्याला मुलगी यायला हवी आहे. आज शिकत असलेल्या विद्यार्थिनी जाणतात, पण त्यांची शिफारसपत्रे अजून लिहून व्हायची आहेत. त्या सासूच्या तोंडाकडे पाहूनच बोलणार. पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या जाणतात, पण पोहून पार गेलेल्याला नदी उथळच वाटते. उरल्या त्या, अर्ध्यावर सोडून गेलेल्या. त्या जाणतात, आणि त्यांना आता कोणाचे भय नाही. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा असेल, तो चाळून घ्यावा लागेल. पण आजीने विचारले असते तर पहिल्यांदा त्यांनाच. अमुक विभाग स्त्रियांना अनुकूल, तमुक प्रतिकूल अशी एक जाहीर यादी २०११ साली अमेरिकेत निघाली होती, आणि तिच्यावरून बरेच रण माजले. मला अशा याद्या पटत नाहीत. एक माणूस गेला वा आला, की दहा माणसांचा विभाग पालटतो. यादी मात्र तशीच राहते.

भाचीने दोन्ही घरांना सारखेच प्रश्न धाडले. गेल्या आठ वर्षांत किती मुली आल्या, किती पुऱ्या करून गेल्या, किती सोडून गेल्या. सोडून गेलेल्यांपैकी कोणी माझ्याशी बोलायला तयार आहे का, हे त्यांनाच विचारून कळवाल का? माझ्या विषयात मार्गदर्शन करू शकतील असे किती जण? मार्गदर्शक बदलायचा तर कोणाची संमती लागते, आणि त्या काळात वेतन चालू राहते का? परीक्षेत एकदा नापास झाले तर पुन्हा बसू देतात का? आजारपणात किंवा बाळंतपणात रजा घेतली तर परदेशी मुलीच्या व्हिसाचे काय करता? व्याख्यानानंतर प्रश्न कोण आधी विचारतो?

वडील म्हणाले, "इतकं खोदून विचारलं तर ते येऊ नको म्हणतील." मी म्हटले, म्हणोत, हुंडा मागणारे घर आधीच कळलेले बरे.

इथे माझ्या मनाला एक गोष्ट खुपत राहिली, ती सांगून टाकते. भाचीबरोबर अर्ज करणारा तिचा एक वर्गमित्रही निघाला आहे. त्याने मार्च महिना दोन प्रबंधिका वाचण्यात आणि तिकडचे घरभाडे विचारण्यात घालवला. भाचीने तो रात्री अकरा-अकरा वाजता अनोळखी बायकांना फोन करण्यात घालवला. ही चौकशी मुलीलाच का करावी लागावी? घर नीट ठेवणे हे घरच्यांचे काम. येणाऱ्या सुनेने आधी भिंती ठोकून पाहाव्यात असे म्हणणे म्हणजे दोष तिच्या पदरात घालण्यासारखे आहे. पुढे काही वावगे झाले तर, "तू नीट चौकशी केली नव्हतीस का?" असे म्हणायला आपण मोकळे! हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. आणि तरीही मी तिला फोन करायला लावले. १९९४ साली मी न्यायाची वाट पाहत बसले नव्हते, पण चौकशीही केली नव्हती. त्याची किंमत मी भरलेली नाही, दुसरीने भरली.

उत्तरे आली ती आमच्या अपेक्षेप्रमाणे आली नाहीत. गोड घराने लगेच लिहिले. तिथे अध्यापिका जास्त होत्या, सगळ्यांचे बोलणे आर्जवी. एका विद्यार्थिनीने सांगितले, "इथं आम्ही सगळे एका कुटुंबासारखे राहतो." फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, "मावशी, हे ऐकलं आणि मला धास्तीच वाटली. कुटुंबात तक्रार करायची ती कोणाकडे?" तिच्या विषयातले अध्यापक तिथे एकच, आणि तेही दोन-तीन वर्षांत निवृत्त व्हायच्या विचारात. सोडून गेलेल्या मुली दोन. त्यांच्याविषयी तीनदा विचारले, तीनदा उत्तर दुसऱ्याच गोष्टीचे आले.

मोठ्या घराने दहा दिवस लावले आणि मग एक कोरडे, मुद्देसूद पत्र पाठवले. आकडे दिले होते. ते काही फार भूषणावह नव्हते. विषयातले अध्यापक पाच. मार्गदर्शक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपला आपण निवडायचा, आणि बदलायचा झाल्यास नव्याची संमती पुरते, जुन्याची लागत नाही. परीक्षेला दुसरी संधी, लेखी नियम म्हणून. व्याख्यान झाले की पाच मिनिटे थांबायचे, आणि मग पहिले प्रश्न विद्यार्थ्यांचे. तिथल्या एका मुलीने सरळ सांगितले, की पहिल्या वर्षी ती तीनदा रडली होती. आणि सोडून गेलेल्या एकीने आपला नंबर देऊ केला होता.

ती बाई आता एका शाळेत शिकवते. भाचीशी ती दीड तास बोलली. पहिल्या मार्गदर्शकाशी तिचे बिनसले होते. तिसऱ्या वर्षी तिने दुसरा घेतला. वेतन एक महिनाही थांबले नाही. पुढे आई आजारी पडली, आणि प्रबंधातले मनही उडाले, म्हणून एम.ए. घेऊन ती बाहेर पडली. भाचीने शेवटी विचारले, "पुन्हा निवडायचं झालं तर तिथंच जाल?" बराच वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, की त्या इमारतीचा जिना चढताना पोटात गोळा यायचा तो अजून आठवतो. पण ज्यांच्याशी बिनसले होते, त्यांनीच नंतर शाळेच्या नोकरीसाठी शिफारसपत्र लिहिले, आणि ते चांगले लिहिले.

माझे मन अजून गोड घराकडे ओढत होते, हे कबूल करते. वयाचा परिणाम असेल. इतक्या लांब पोर जायची, तर चार माणसे प्रेमाने बोलणारी असावीत असे वाटते. पोटात गोळा येणाऱ्या जिन्यावर तिला आपण होऊन पाठवायचे? मी तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "मावशी, तूच ना सभेचं सांगितलंस? तिथं एक जण गेला तर चार उरतात. इथं एक गेला की मी आणि भिंती." मला उत्तर सुचले नाही. बारा एप्रिलला तिने मोठ्या घराला होकार कळवला. वडिलांना वाटते की त्यांचेच ऐकले. आम्ही दोघींनी त्यांचा तो समज दूर केलेला नाही.

ऑगस्टमध्ये ती गेली. अजून पुरते बस्तान बसलेले नाही. एका व्याख्यानानंतर तिने हात वर केला, तर पाहुण्याने तिचा प्रश्न दोन शब्दांत झटकून टाकला, असे तिने कळवले. "मग?" मी विचारले. "मग काय, पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येणार आहेत. प्रश्न नीट लिहून ठेवलाय."

गणपतीत माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर मी तिला भाचीची सगळी हकीकत सांगितली. आजी, गार्गी, मोठे घर, गोड घर, सगळे. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. माझे संपल्यावर तिने एवढेच विचारले, "तिच्या विषयात माणसं किती आहेत म्हणालात, मॅडम?"

"पाच."

"बरं झालं," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, की यंदा डब्यात चकल्या जास्त घालू की कडबोळी, कारण गेल्या वर्षी मी दातांची तक्रार केली होती.